टेस्टेड ओके

(रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या ‘माझा अनुभव’ या कार्यक्रमातील भाषण. बोलताना जसं आलं तसंच ठेवलं आहे. – संपादक मंडळ)



सेक्रेटरी म्हणाले, “काका, पेसमेकरवर पंधरा मिनिटं बोला.” मी म्हटलं, पेसमेकरवर डॉक्टरांनी बोलावं. मी फक्त माझ्या पेसमेकरवर बोलू शकतो. तेव्हा मी सांगतो ते औषध म्हणून घेऊ नका, शेजाऱ्याची गोष्ट म्हणून ऐका.

आपल्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल, २०१३च्या गणपतीत मी बी विंगच्या जिन्यात मटकन खाली बसलो होतो. पल्स ३४. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाणारा विजेचा संदेश बंद पडला होता. मी टेलिफोनमधला माणूस, मला ते लगेच समजलं. एक्स्चेंज धडधाकट, पण वरून खाली येणारी लाइन तुटली. पेसमेकर म्हणजे त्या तुटलेल्या लाइनला दिलेली पर्यायी जोडणी. ती बसली आणि दहा वर्षं मी विसरूनही गेलो की छातीत काही आहे. सत्यनारायणाला मोदक वळले, गच्चीवरची टाकी साफ करून घेतली, कमिटीत भांडलो.

२०२३ साली तपासणीत सांगितलं की बॅटरी संपत आली. आपण बोलताना ‘बॅटरी बदलली’ म्हणतो, पण ती टॉर्चसारखी उघडून बदलता येत नाही. डबी सीलबंद असते, म्हणून अख्खी डबीच बदलतात. हृदयात गेलेल्या वायरी चांगल्या असतील तर त्या तशाच ठेवतात आणि नव्या डबीला जोडतात. माझ्याही तशाच ठेवल्या. वायरीच्या टोकांचं माप ठरलेलं असल्यामुळे डबी दुसऱ्या कंपनीची असली तरी चालते, आणि माझी दुसऱ्या कंपनीची होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑपरेशन काहीच नाही. जागा बधिर करतात, आपण जागेच असतो. दुसऱ्या दिवशी घरी. सगळे म्हणाले, चला, आता दहा वर्षांची निश्चिंती.

आठवडाभरात सुरू झालं. काय सुरू झालं ते मला नीट सांगता येईना, आणि खरी अडचण तीच होती. छातीत दुखत नव्हतं. पण रिक्षात बसलो की धडधडायचं. रात्री एकदम जाग यायची, कोणीतरी आतून दार ठोठावल्यासारखे पाच-सात ठोके वेडेवाकडे, मग शांत. आणि दुपारी कधीतरी डोकं हलकं व्हायचं, पाय आपले नाहीत असं वाटायचं. दहा मिनिटं, की परत ठीक.

दवाखान्यात गेलो. कार्डिओग्राम नॉर्मल. इको नॉर्मल. चोवीस तासांची पट्टी लावली, नेमका तो दिवस झकास गेला. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, झोपून आणि उभं राहून ब्लडप्रेशर, सगळं जागच्या जागी. डॉक्टर वाईट नव्हते हो. पण बाहेर पन्नास पेशंट बसलेले. ते म्हणाले, “आजोबा, डबी उत्तम चालली आहे. मन रमवा.” आणि झोपेची एक गोळी लिहून दिली.

त्या दिवशी घरी आल्यावर मला माझीच नोकरी आठवली. ज्यांनी लँडलाइन वापरली त्यांना माहीत आहे, फोन खरखरतो, मधेच मरतो, आणि लाइनमन दारात आला की लगेच छान वाजतो. लाइनमन तपासतो, वहीत लिहितो ‘टेस्टेड ओके’, आणि जातो. मी स्वतः असे शेकड्यांनी शेरे मारले आहेत. एक बाई दर पावसाळ्यात यायच्या, त्यांचे यजमान आजारी असायचे. “साहेब, रात्री फोन बंद पडतो हो.” दिवसा तपासलं की ओके. तिसऱ्या वर्षी रस्ता खणला तेव्हा केबलच्या जोडात पाणी जात होतं हे कळलं. मधूनमधून येणारा फॉल्ट हा सगळ्यात अवघड, आणि तक्रार करणारा माणूस सगळ्यात आधी संशयित होतो. आता काउंटरच्या पलीकडच्या बाजूला मी होतो.

पुढचे दोन महिने मी कसा वागलो ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. सकाळचं फिरणं सोडलं. दिवसभर बोटं मनगटावर. कल्याणला बहिणीच्या घरी नातवाची मुंज होती, गेलो नाही. मुलगा म्हणाला, “बाबा, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत ना?” तर त्याच्यावर ओरडलो, “रिपोर्ट तुझ्या छातीत आहेत का?” तो महिनाभर जपून बोलत होता. आणि ही... ही काहीच बोलायची नाही. ते मला जास्त लागायचं. मला वाटायचं, हिचाही विश्वास नाही.

त्यात आपली लिफ्ट बंद पडली. (तुमच्यावर टीका नाही सेक्रेटरी, सुटा भाग मिळत नव्हता.) चौथ्या मजल्यावरून उतरायचं म्हणजे परत चढायचं, म्हणून मी उतरणंच बंद केलं. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर, आपल्या निवृत्त नर्सबाई, वर आल्या. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांनी पहिल्यांदा मला एवढंच विचारलं, “काका, कधी होतं? किती वाजता? तेव्हा काय करत होतात?” मी म्हटलं, असंच, कधीही. त्या म्हणाल्या, “कधीही होणारं काही नसतं. लिहून काढा.” आणि पल्स कशी मोजायची ते दाखवलं. मी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचो, त्यांनी पूर्ण मिनिट मोजायला लावलं.

मग मी नोकरीतल्यासारखी फॉल्टची वही केली. तारीख, वेळ, काय करत होतो, पल्स, किती वेळ टिकलं, कशाने थांबलं. ‘भयंकर’, ‘जीव घाबरला’ असले शब्द बंद. तीन आठवडे लिहिलं.

एक गोष्ट लगेच दिसली. रिक्षातली धडधड प्रत्येक रिक्षात नव्हती. स्टेशनकडून येताना तो उखडलेल्या पेव्हर ब्लॉकचा पट्टा लागतो ना, तिथे पल्स १०४, १०८. सरळ डांबरी रस्त्यावर ७२. रात्रीच्या नोंदी मात्र कुचकामी होत्या. चष्मा नसतो, घड्याळ दिसत नाही, म्हणून मी नुसतं ‘रात्री’ लिहायचो. तपासणीच्या आदल्या दिवशी मी कुरकुरलो की रात्रीचं काहीच हाती नाही. ही आत गेली आणि दूधवाल्याच्या हिशेबाची छोटी डायरी घेऊन आली. मागच्या पानांवर तिने वेळा लिहिल्या होत्या. १ वाजून ३ मिनिटं. १ वाजून ४. १ वाजून ३. दोन महिन्यांच्या. मी दचकलो की ती जागी व्हायची, घड्याळ बघायची, आणि मी परत झोपलो की लिहून ठेवायची. मी म्हटलं, “बोलली का नाहीस?” म्हणाली, “अहो, तुम्ही आधीच घाबरलेले. मी पण जागी असते म्हटल्यावर अजून घाबरला असता.”

तपासणीला कंपनीचा टेक्निशियन येतो. छातीवर माउससारखी चकती ठेवतो आणि समोरच्या यंत्रावर डबीतली सगळी नोंद वाचतो. मुलाच्या वयाचा पोरगा. त्याच्यापुढे मी वही आणि डायरी ठेवली. तो वाचता वाचता सरळ होऊन बसला.

झालं होतं असं. या डबीत हालचाल ओळखणारा एक सेन्सर असतो. माणूस चालायला लागला की शरीर हलतं, डबीला वाटतं कष्ट चालले आहेत, ती ठोके वाढवते. ज्यांचं हृदय स्वतः वेग वाढवू शकत नाही त्यांना ही सोय फार उपयोगाची. पण माझ्या हृदयाचं वरचं केंद्र ठणठणीत आहे, मला तिची गरज नव्हती. जुन्या डबीत ती बंद होती, नवीन दुसऱ्या कंपनीची, त्यात चालू राहिली. त्यामुळे मी रिक्षात गप्प बसलेला असायचो आणि डबीला वाटायचं, आजोबा धावताहेत.

आणि रात्रीचं? हृदय किती कमी करंटला दाद देतं हे डबी रोज स्वतः तपासते, म्हणजे बॅटरी वाचते. माणूस झोपलेला असावा म्हणून ही चाचणी रात्रीची. माझ्या डबीची वेळ एक वाजता. बहुतेकांना कळतसुद्धा नाही. मला कळत होतं. दोनतीन मिनिटांचा फरक होता तो आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा, ते पुढेच असतं.

डॉक्टरांना विचारून त्याने सेन्सर बंद केला आणि ती रात्रीची चाचणीही बंद करून करंट कायमचा ठरवून दिला. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल म्हणाले. होऊ दे. डॉक्टर हसून म्हणाले, “आजोबा, तुमचं बरोबर होतं.” ही शेजारीच बसली होती. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “एसी फार आहे.”

आता तुम्हाला वाटेल गोष्ट संपली. दोन तक्रारी गेल्या. तिसरी, ती दुपारची, आजही आहे. डबीत त्या वेळेची काही नोंद सापडत नाही, रक्तात नाही, ब्लडप्रेशरमध्ये नाही. आधी आठवड्यातून तीनदा यायची, आता महिन्यातून तीन-चारदा. कशामुळे, कोणालाच ठाऊक नाही. पूर्वी ‘ठाऊक नाही’ म्हटलं की मला वाटायचं हे मला खोटं ठरवताहेत. आता डॉक्टर म्हणतात, “आहे खरं, पण कारण सापडत नाही,” आणि मला तेवढ्यावर झोप लागते. झोपेची गोळी गेल्या वर्षी सुटली.

जगातला पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाला बसवला. त्याची बायको डॉक्टर आणि इंजिनिअरच्या मागे हात धुऊन लागली होती म्हणून. ती पहिली डबी काही तासांतच बंद पडली. पुढे आयुष्यात त्याच्या वीसहून जास्त डब्या बदलल्या, आणि तो २००१ साली, ८६व्या वर्षी गेला. डबी करणारा इंजिनिअर आणि बसवणारा सर्जन, दोघेही त्याच्या आधी गेले. मी हे घरी सांगितल्यावर ही म्हणाली, “बायकोचं नाव काय त्याच्या?” एल्से-मारी. आता आमच्या वहीच्या पहिल्या पानावर ते नाव आहे.

आपल्या सोसायटीत माझ्यासकट चार पेसमेकरवाले आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. सगळंच वहीत लिहीत बसू नका. चक्कर येऊन पडलात, डबीवरची त्वचा लाल झाली, सुजली, ताप आला, उचकी थांबेना, किंवा पल्स ठरवून दिलेल्या आकड्याच्या खाली गेली, तर वही ठेवा आणि रिक्षा बोलवा. मोबाइल डाव्या खिशात नको. कार्ड पाकिटात. आणि घरच्यांना एक सांगून ठेवा, अशुभ वाटलं तरी: दहनाआधी डबी काढून घ्यावी लागते, नाहीतर ती फुटते. मी मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “बाबा, आता हेही लिहून ठेवा.” लिहिलंय, शेवटच्या पानावर.

राहता राहिली ती गेटजवळची निळी खुर्ची. मागच्या सभेत कोणीतरी विचारलं की पार्किंगच्या वाटेत ती कोणी ठेवली. वॉचमनने ठेवली, माझ्यासाठी. दुपारी दूध आणायला उतरलो आणि पाय हलके झाले की मी तिच्यावर दहा मिनिटं बसतो. तो विचारत नाही काय होतंय, पाण्याची बाटली पुढे करतो. ती खुर्ची एक फूट आत सरकवायला माझी हरकत नाही, पण तिथे असू द्या.

दोन्ही वह्या आज बरोबर आणल्या आहेत. चहाच्या वेळी कोणाला बघायच्या असतील तर हिच्याकडे मागा, माझा चष्मा घरी राहिला आहे.