गाण्याचं मूळ गाव



माझा एक भाचा इंग्लंडात मँचेस्टरला नोकरी करतो. लहानपणापासून त्याला बीटल्सचं वेड. सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकतो आणि गाण्याच्या मागे हिंडतो. एकदा तो लिव्हरपूलला जाऊन आला आणि रात्री त्याने मला फोन केला. जॉन लेनन ज्या मावशीच्या घरी वाढला ते घर, पॉल मॅकार्टनीचं नगरपालिकेच्या वसाहतीतलं भाड्याचं घर, ही दोन्ही घरं तिथल्या नॅशनल ट्रस्टने जपून ठेवली आहेत. एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. स्वयंपाकघर, झोपायची खोली, सगळं त्या काळातल्यासारखं मांडलेलं. पुढे तो समुद्रकाठच्या ब्लॅकपूललाही गेला. तिथल्या मनोऱ्याखालच्या नाचघरात अजूनही भलामोठा ऑर्गन वाजतो आणि म्हातारी जोडपी त्यावर ठेका धरतात. हे सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "मामू, आपल्याकडे असं काही आहे का हो बघायला?"

मी म्हटलं, "आहे की. पण तिथे तिकिटाची खिडकी नाही. एसटीने जावं लागतं."

आज मी तुम्हाला त्या एसटीच्या प्रवासातच घेऊन जाणार आहे.

लिव्हरपूल माझ्या अब्बांनीही पाहिलं होतं, पण गोदीपुरतं. ते बोटीवर खलाशी होते. बोट लागली की माल उतरवायचा, माल चढवायचा आणि निघायचं. बीटल्सचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. पण अशाच कुठल्या तरी बंदरातून त्यांनी एक रेकॉर्ड प्लेअर आणला होता आणि मुंबईत उतरल्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांची एक तबकडी विकत घेतली होती. तिच्यात भैरवीतली ठुमरी होती. अब्बा रजेवर घरी आले की संध्याकाळी ती लागायची. गाणं संपल्यावरही सुई थोडा वेळ खरखरत राहायची. अब्बा उठून ती लगेच उचलत नसत.

मी दहा वर्षांचा असताना आईला औषधोपचारासाठी मिरजेला नेलं. कोकणातल्या माणसाला मिरज ठाऊक असते ती दवाखान्यांसाठी. हातखंबा, पाली, साखरपा करत एसटी आंबा घाट चढली. मी पहिल्यांदाच घाटावर जात होतो. आईला दाखवून झालं, दुपार मोकळी होती. अब्बा म्हणाले, "चल, तुला तबकडीतला माणूस दाखवतो."

आम्ही मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. त्याच आवारात खाँसाहेबांची कबर आहे. अब्बांनी फातिहा पढला. मग डोळे मिटून ते बराच वेळ उभे राहिले आणि हळूच ती भैरवी गुणगुणू लागले. मला भीती वाटली, कुणी रागावेल. कुणीच रागावलं नाही. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नुसती मान डोलावली. कपाळावर गंध असलेले ते गृहस्थ मला अजून आठवतात.

खाँसाहेब मिरजेचे नव्हते. त्यांचा जन्म १८७२चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. या कैरानावरूनच किराणा घराणं हे नाव पडलं. त्याचा वाण्याच्या किराण्याशी काही संबंध नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं! बडोदं, मुंबई, पुणं अशी गावं करत ते मिरजेला आले. त्यांना प्लेग झाला होता आणि मीरासाहेबांच्या दारात गाऊन ते बरे झाले, अशी कथा मिरजेत सांगतात. कथा खरी असो नसो, माणूस मात्र तिथला झाला. हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुलगी, जन्म मिरजेचा. कुंदगोळचे रामभाऊ म्हणजे सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत त्यांना बरं वाटेनासं झालं. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या छोट्या स्टेशनावर ते उतरले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. एवढ्या लांबून त्यांना मातीसाठी आणलं ते मिरजेला. कैरानाला नाही.

मी आता दर दोन-चार वर्षांनी मिरजेला जातो. उरुसाच्या दिवसांत गेलो तर खाँसाहेबांच्या आठवणीतली संगीत सभा ऐकायला मिळते. दर्ग्याच्या आवारात रात्र रात्र गाणं चालतं. मोठमोठे गवई तिथे हजेरी लावून जातात. या उरुसात पहिला गलेफ अर्पण करण्याचा मान चर्मकार समाजाचा आहे. कव्वालीच्या वेळी जे श्रोते असतात, तेच ख्यालालाही असतात.

मिरजेत दुसरी बघण्याची जागा म्हणजे सतारमेकर गल्ली. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी तलवारीचं काम कमी झालं आणि फरीदसाहेबांनी त्याच हातांनी सतार बनवायला घेतली, असा इतिहास तिथे सांगतात. भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूने, भीमेच्या पट्ट्यातून. वारकऱ्याच्या वीणेचा भोपळा आणि खाँसाहेबांच्या तंबोऱ्याचा भोपळा एकाच मळ्यातला, म्हटलं तरी चालेल! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तिथे एका दुकानात मी तासभर बसलो होतो. कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होते. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा पृष्ठभाग कानशीने केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. मग तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवायचा. दोरा जागेवर आला की ठणठणीत वाजणारी तार एकदम भरून येते, तिच्यातून आणखी सूर ऐकू येऊ लागतात. मी विचारलं, "माप काय धरता?" त्यांनी कानाला हात लावला आणि पुन्हा कामाला लागले.

मिरजेहून कोल्हापूर जवळच. तिथे दुसरे खाँसाहेब भेटतात, अल्लादिया खाँ. हेही परमुलखातले. जन्म १८५५चा, राजस्थानातल्या उणियारा गावचा. १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि महाराज हयात असेपर्यंत, म्हणजे १९२२पर्यंत, कोल्हापुरातच राहिले. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करीत. अल्लादिया खाँसाहेबांचा पुतळा देवल क्लबापाशी आहे. गवयाचा पुतळा असलेलं गाव आपल्याकडे विरळाच. मी दरवेळी तिथे पाच मिनिटं उभा राहतो.

शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं नाट्यगृह, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. नंतर मी गेलो तेव्हा काळवंडलेल्या भिंती बाहेरून पाहून परतलो. जपलं नाही तर घर असंच जातं, हे भाच्याच्या लिव्हरपूलकडून शिकण्यासारखं आहे.

वाटेत सांगलीला उतरलात तर एक गोष्ट आठवा. अल्लादिया खाँसाहेब उपचारासाठी सांगलीत राहत होते. जाता-येता एका घरातून एका मुलीचा रियाज त्यांच्या कानी पडायचा. एक दिवस ते आत गेले आणि म्हणाले, मी शिकवीन. हे कोण, हे त्या मुलीला ठाऊकही नव्हतं. ती मुलगी म्हणजे गोव्यातल्या कुर्डी गावच्या मोगूबाई.

म्हणून आता गोवा. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने मडगाव, तिथून सांगे तालुका. कुर्डी बघायला जायचं तर मे महिन्यातच. एरवी गाव दिसत नाही, कारण ते पाण्याखाली असतं. साळावली धरणात कुर्डी बुडाली आणि गावकऱ्यांना दुसरीकडे वसवलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव पुन्हा वर येतं. जोती, तुटक्या भिंती, वाळलेली झाडं. गावकरी त्या दिवसांत येतात, सोमेश्वराच्या देवळाशी उत्सव करतात, आपापल्या घराच्या जागेवर उभे राहून मुलांना दाखवतात, इथे चूल होती, इथे तुळस होती. मोगूबाईंच्या घराचे अवशेषही तिथे दाखवतात. किशोरीताई आमोणकरांच्या आईचं ते घर.

मी त्या चौथऱ्यापाशी उभा होतो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. पायाखालच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. गाणं सोडा, पाखराचाही आवाज नव्हता. भाच्याला दाखवायला मी फोटो काढले, पण फोटोत नुसते दगड आले.

गोव्यातलीच दुसरी शिष्या केसरबाई केरकर, फोंड्याजवळच्या केरी गावच्या. आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे थोडे महिने शिकल्या, पुढे अल्लादिया खाँसाहेबांच्या झाल्या. १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर जगातलं निवडक संगीत भरलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात भारतातलं एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी. त्यातलं एक यान आता अडीच हजार कोटी किलोमीटरहून दूर गेलंय. उणियाराचा गुरू, केरीची शिष्या, गाणं घडलं कोल्हापूर-मुंबईच्या वाटेवर. हे गाणं मूळचं कुठलं म्हणायचं?

हा प्रश्न मला विचारावासा वाटतो त्याला कारण आहे. कविसंमेलनांतून हिंडताना मला एक संवाद हमखास ऐकावा लागतो. "मराठी फार छान बोलता हो तुम्ही. मूळचे कुठले?" मी म्हणतो, "रत्नागिरीचा." "हो, पण मूळचे?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण त्या दुसऱ्या 'मूळचे'शी मी अडखळतो. माझे आजे-पणजे याच किनाऱ्यावर जगले, इथेच मातीत गेले. आमच्या घरात कोकणी बोली, शाळेत मराठी, कविता मराठीत. याहून मूळ ते कुठलं शोधायचं?

तरुणपणी मला राग यायचा, घरी येऊन कविता लिहायचो. त्या कविता फारशा चांगल्या नव्हत्या. आता मी अशा माणसाला मिरजेची गोष्ट सांगतो. जो खरोखरच परगावचा होता, त्याला त्या गावाने 'मूळचे कुठले' विचारत बसण्याऐवजी ऐकून घेतलं. गाव त्याचं झालं, त्याचं गाणं गावाचं झालं. आज किराणा घराणं महाराष्ट्राबाहेरचं आहे असं कुणी म्हणेल का? माझं म्हणणं एवढंच, ज्याच्या कवितेत याच समुद्राची खार आहे, त्यालाही तसंच ऐका. एवढं झालं तरी माझ्यासारख्याला पुष्कळ आहे.

आपल्या रत्नागिरीतही अशी एक जागा आहे. थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा राजा इथे मर्जीविरुद्ध आणला गेला, १९१० मध्ये बांधून झालेल्या या वाड्यात राहिला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्याचं मन कधी इथे रमलं नाही. पण गेली कित्येक वर्षं त्याच वाड्याच्या प्रांगणात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव भरतो. जानेवारीची थंडी, उघडं आकाश, मागे खाडीवरचा वारा. दोन तंबोरे लागतात आणि सगळे गप्प होतात. त्या तंबोऱ्यांकडे बघून मला हटकून मिरजेच्या त्या दुकानातला सुताचा दोरा आठवतो.

भाच्याला नाताळची रजा मिळते. म्हणाला, "डिसेंबरात येऊ का?" मी म्हटलं, "नको, मे महिन्यात ये. तेव्हा कुर्डी पाण्याबाहेर असते आणि घरी हापूसही असतो. ऊन सोसायची तयारी ठेव. आधी मिरज करू." अब्बांची ती तबकडी माझ्याकडे अजून आहे. तिच्यावर चरे पडलेत, पण भैरवी ऐकू येते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती त्याला ऐकवीन म्हणतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)