विहिरीत पडलेले जनावर आणि काठावरची मुले
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी जो विषय घेऊन आपणांपुढे उभा आहे, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेत सापडावयाचा नाही. जमिनीच्या पोटात अडकलेल्या मुक्या प्राण्यास बाहेर कसे काढावे, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे कसे काढू नये, हा तो विषय होय. मुलांच्या दृष्टीने हा प्रश्न जीवनमरणाचा आहे असे मी मानतो. तसे का मानतो, ते आधी सांगतो.

९ एप्रिल २०२४ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातील वाकडी या गावी एक मांजर जुन्या विहिरीत पडले. ती विहीर पाण्याची राहिली नव्हती. गोबरगॅसचा शेणकाला साठविण्यासाठी तिचा उपयोग होत असे. मांजराला काढण्यासाठी एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढावयास दुसरा उतरला, दुसऱ्यासाठी तिसरा. असे एकामागून एक सहा जण उतरले आणि त्यांतील पाच जण गेले. जो एक वाचला, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

या पाच जणांना अविचारी म्हणणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. पहिला मांजराच्या कळवळ्याने उतरला आणि बाकीचे माणसाच्या. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी कावडीतील गंगोदक घालणाऱ्या नाथांची कथा आपण दर वर्षी वर्गात सांगतो. ते पैठण आपल्याच गोदावरीच्या काठी आहे. भूतदया आम्ही शिकविली, ती मुलांनी घेतलीही. परंतु विहिरीच्या तळाशी हवा कशी असते, हे मात्र आम्ही शिकविले नाही. दयेच्या जोडीला हे ज्ञान दिले नाही, तर आपण मुलांना अर्धाच धडा दिला असे होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. गुहा म्हटले की जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या डोंगरावरील जैन गुंफा आपणांस आठवतात. पण चुनखडीच्या प्रदेशात पाणी खडक विरघळवीत मैलोगणती भुयारे कोरते, तसे आपल्या काळ्या पाषाणात घडत नाही. आपली भुयारे आपण स्वतः खणलेली आहेत. विहीर, आड, बारव, जुन्या वाड्यातील पेव, शौचालयाची टाकी आणि अलीकडे बोअर, ही आपली भुयारे होत. जनावरे अडकतात ती येथे. शेळी, करडू, वासरू, कुत्रे, मांजर हे तर नेहमीचे. त्यांखेरीज रोही, काळवीट, घोरपड, साप हेही रात्रीच्या वेळी कठडा नसलेल्या विहिरीत पडतात.

या प्रत्येक जागेची हवा निरनिराळी असते. हे एकदा समजले म्हणजे पुढचे सारे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आपण श्वासात घेतो त्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. तो शेकडा १० च्या खाली गेला की माणूस हाक मारण्याच्या आत शुद्ध हरपतो. जुन्या आडात पालापाचोळा कुजतो, तेव्हा प्राणवायू खर्ची पडतो आणि कर्बद्विप्राणिद वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, तयार होतो. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे तळाशी पाण्यासारखा साचून राहतो. पेवात हेच काम धान्य करते, कारण साठविलेले धान्यही श्वसन करीत असते. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. तोंड मोकळे ठेवून वाट पाहत आणि दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर आत जाऊ नये, ही वडीलधाऱ्यांची रीत शास्त्राला धरून होती.

परंतु तीच रीत शेणकाल्याच्या खड्ड्याला किंवा शौचालयाच्या टाकीला लावणे घातक आहे. तेथे पेट घेणारा मिथेन वायू असतो, त्यामुळे दिवा विझण्याऐवजी भडका उडावयाचा. शिवाय तेथे सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि त्याची खोड विलक्षण आहे. त्याचे प्रमाण थोडे असताना वास येतो. प्रमाण फार वाढले की हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करून टाकतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस पुढे पाऊल टाकतो आणि कोसळतो. मे २०२३ मध्ये आपल्याच सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजुरांचा अंत झाला, तो अशाच बंदिस्त जागेत. तेथे जनावराचा प्रश्न नव्हता. पण टाकीच्या हवेला उतरणाऱ्याचा हेतू कळत नाही.

मुले एक शंका हमखास विचारतील, आणि ती विचारलीच पाहिजे. "गुरुजी, मांजर आत जिवंत ओरडते आहे, मग हवा वाईट कशी?" उत्तर असे द्यावे. मांजर वरच्या कपारीत बसलेले असते, माणूस तळापर्यंत जातो. दुसरे असे की शेणकाला जोवर स्थिर असतो तोवर वायू त्यात कोंडलेला राहतो. माणसाचे पाय पडून तो ढवळला की एकदम मोकळा सुटतो. म्हणून जनावर जिवंत आहे, एवढ्यावरून हवा चांगली आहे असे ठरत नाही. पाणी उपसण्याकरिता डिझेलचे इंजिन विहिरीत उतरवून चालविले असेल, तर त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

वर्गात हे दाखविण्यास फार साहित्य लागत नाही. एका खोल, रुंद तोंडाच्या भांड्यात एक आखूड आणि एक उंच अशा दोन मेणबत्त्या पेटवून ठेवाव्यात. तळाशी खाण्याचा सोडा पसरून त्यावर कडेने लिंबाचा रस किंवा व्हिनेगर हळूहळू ओतावे. आखूड मेणबत्ती आधी विझते, उंच मागाहून. विहिरीत उतरणारा माणूस म्हणजे ती आखूड मेणबत्ती. हा प्रयोग चौथीच्या मुलाने एकदा पाहिला की तो जन्मात विसरणार नाही. तासभर बोलून जे साधत नाही, ते तेथे पाच मिनिटांत साधते.

आता जनावर काढावयाचे कसे? यात मुख्य गोष्ट अशी की बहुतेक वेळा माणसाने खाली उतरण्याची गरजच नसते. मांजरासाठी चारी बाजूंनी दोर बांधलेली टोपली खाली सोडावी, तीत गोणपाट अंथरून थोडे खाणे ठेवावे आणि सर्वांनी दूर व्हावे. गर्दी हटली की मांजर आपण होऊन टोपलीत येते. मात्र त्यास कधी कधी रात्र जाते, आणि तेवढा धीर आम्हांस नसतो. घोरपडीसाठी खडबडीत साल असलेली लांब फांदी तिरपी सोडली तरी पुष्कळदा काम होते. सापाच्या वाटेला स्वतः जाऊ नये. जाणकार सर्पमित्रास किंवा वनखात्यास कळवावे.

गाय-बैल पडल्यास गोष्ट अवघड होते. गळ्याला किंवा शिंगांना कासरा बांधून ओढणे म्हणजे जनावराला फास देणे होय. रुंद पट्टे किंवा गोण्यांच्या घड्या छातीखालून आणि मागच्या मांड्यांपुढून घेऊन यारीने अथवा क्रेनने सरळ वर उचलावे लागते. यंत्र काठाला फार भिडवू नये, कारण काळ्या मातीचा काठ ओला असला की ढासळतो. यंत्र येईपर्यंत जनावराचे तोंड पाण्याबाहेर राहील एवढा आधार वरून दोराने द्यावा. वर आल्यावर त्यास कुशीवर पडू देऊ नये, उरावर बसते करावे. नाहीतर पोट फुगून वाचलेले जनावर दगावते. मग अंग कोरडे करावे, चोळावे आणि पशुवैद्यास बोलवावे. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मागणी करता येते, आणि परभणीत पशुवैद्यक महाविद्यालयही आहे.

रोही आणि काळविटांचे दुःख वेगळे. ही जनावरे जखमेपेक्षा भीतीने अधिक मरतात. माणसांचा गलका आणि धरपकड यांनी त्यांचे स्नायू आणि हृदय निकामी होते, व बाहेर काढल्यावर काही वेळाने ती कोसळतात. डोळ्यांवर कापड टाकावे आणि शांतता राखावी, यासारखा उपाय नाही. रोह्यांनी ज्याचे तुरीचे पीक उभे खाल्ले, त्या शेतकऱ्याने रोही विहिरीत पडल्यावर धावून जावे ही अपेक्षा जड वाटेल, हे मी जाणतो. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांना संरक्षण आहे, आणि त्यांना काढण्याचे काम वनखात्याचे आहे. त्या खात्याचा क्रमांक १९२६.

याबाबत जुन्नरकडील अनुभव आपणांस उपयोगी पडेल. पुणे जिल्ह्याच्या त्या भागात उसाच्या फडात बिबटे राहतात, आणि रात्री बिनकठड्याच्या विहिरीत पडतात. तेथे वनखाते आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राची मंडळी जे करतात ते साधे आहे. प्रथम दोरांनी बाज खाली सोडतात. पोहून दमलेला बिबट्या तिच्यावर चढून बसतो, त्यामुळे बुडण्याचे भय टळते आणि विचारास अवसर मिळतो. मग पिंजरा सोडून त्याला आत घेतात आणि वर ओढतात. कोणी शूरपणाने उडी टाकीत नाही. सर्वांत जास्त श्रम पडतात ते जमावाला मागे हटविण्यास, हे ओघानेच आले.

परदेशातील एक उदाहरण खऱ्याखुऱ्या गुहेचे आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात २०२२ साली एक म्हातारी कुत्री सुमारे दोन महिने बेपत्ता होती. गुहांचे संशोधन करणाऱ्या मंडळींना ती खोल गुहेत, अंधारात निपचित पडलेली आढळली. चालण्याचे त्राण तिच्यात नव्हते. त्यांनी तिला घोंगडीत गुंडाळून पिशवीत घातले, तोंड तेवढे बाहेर ठेवले, आणि अरुंद वाटांनी हळूहळू बाहेर आणले. त्या लोकांपाशी दिवे होते, दोघे एकमेकांना धरून होते, आणि गुहेची वाट त्यांना ठाऊक होती. २०१८ साली थायलंडच्या पूरग्रस्त गुहेतून बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक सुखरूप निघाले, आणि पाणी उपसण्याच्या कामी आपल्या किर्लोस्करांचे अभियंतेही सल्ल्यास गेले होते. तरी त्या कामात नौदलातील एक माजी पाणबुडा हवा संपून मरण पावला. शिकलेल्या माणसाची ही गत, तर आपल्या सातवीच्या पोराची काय होईल?

भागवताच्या दशमस्कंधात नृगराजाची कथा आहे. यादवांची मुले खेळता खेळता तहानली आणि एका कोरड्या विहिरीपाशी आली. आत डोंगराएवढा सरडा पडलेला. मुलांना दया आली. त्यांनी चामड्याचे आणि सुताचे दोर लावून ओढून पाहिले, पण तो हलेना. तेव्हा त्यांनी जाऊन कृष्णास सांगितले. शापमुक्तीचा पुढला भाग आपण रंगवून सांगतो. मला मात्र हा मधला भागच शिकविण्याजोगा वाटतो. मुले काठावर राहिली, दोर वापरले, जमेना तेव्हा मोठ्यास बोलावले. एकही आत उतरला नाही.

जनावर पडूच नये यासाठी काय करावे, याचे उत्तर आपल्या पूर्वजांनी दगडांत लिहून ठेवले आहे. सेलू तालुक्यात वालूर येथे बारव आहे, जिंतूर तालुक्यात चारठाण्यास आहे. बारवेला पायऱ्या असतात, म्हणून तिच्यात पडलेले जनावर आपल्या पायांनी चढून येऊ शकते. सरळ उभ्या भिंतींच्या आपल्या नव्या विहिरींत ती सोय नाही. शेततळ्याची स्थिती त्याहून वाईट, कारण प्लॅस्टिकच्या गुळगुळीत कागदावर ना खुराला पकड मिळते ना मुलाच्या बोटांना. त्यात गाठी मारलेले जाड दोर किंवा जुने टायर एकास एक बांधून कायमचे सोडून ठेवावेत. खर्च नाममात्र आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी शेजारच्या नांदेड तालुक्यात आलेगाव शिवारात मजूर बायकांचा ट्रॅक्टर विहिरीत कोसळून सात जणी गेल्या. तेव्हा कठडा केवळ जनावरांसाठी बांधावयाचा आहे, असेही नाही.

बोअरच्या बाबतीत तर प्रतिबंधाखेरीज मार्गच नाही. वीतभर तोंडाच्या त्या नळीत पिलू किंवा करडू पडले तर हात पोहोचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली घालून दिलेल्या सूचनांनुसार बोअरच्या तोंडावर पोलादी झाकण घट्ट बसवावयाचे आहे, आणि टाकून दिलेली बोअर माती, वाळू, दगडांनी जमिनीच्या पातळीपर्यंत भरावयाची आहे. आपल्या गावातील किती बोअर तशा भरल्या आहेत, हे मुलांना विचारा. तलाठ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते.

शिक्षकांवर कामांचा बोजा आधीच थोडा नाही, आणि मी त्यात आणखी एका नोंदवहीची भर घालावयास आलेलो नाही. परिसर-अभ्यासाच्या तासाला गावाचा नकाशा आपण काढतोच. यंदा त्या नकाशावर विहिरी, आड, शेततळी आणि उघड्या बोअर दाखवाव्यात. कठडा नसेल तेथे लाल खूण करावी, शेणकाल्याचा किंवा मैल्याचा खड्डा असेल तेथे काळी. पारव्यांच्या पिलांसाठी मुले ज्या विहिरींच्या कपारींत उतरतात, त्या विहिरी मुलांकडूनच काढून घ्याव्यात. रागावल्यास ती सांगणार नाहीत. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. शाळेच्या दर्शनी फळ्याच्या कोपऱ्यात तीन क्रमांक पक्क्या रंगाने लिहावेत : वनखाते १९२६, पशुवैद्यकीय पथक १९६२, आणि माणूस अडकल्यास ११२. त्याखाली गावात लांब दोर कोणाकडे आहे, बाज कोणाच्या अंगणात आहे आणि क्रेन किंवा यारी कोणाकडे मिळेल, तेही लिहावे. जून महिन्यात शाळा उघडताच हे करावे, कारण पावसाने काठ निसरडे होण्यापूर्वी लाल खुणांच्या विहिरींवर निदान काटेरी कुंपण पडले पाहिजे.