विहीर कुणाच्या दारात?

(हमद पोर्ट परिसरात काम करणाऱ्या मराठी मंडळींच्या शुक्रवारच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सुट्टीच्या दिवशी सकाळची झोप सोडून आलात, त्याबद्दल आधी आभार. माझं रोजचं काम समुद्राच्या तळाच्या गाळाचं. हे बंदर बांधताना इथली खारफुटी, समुद्री गवत आणि प्रवाळ उचलून दुसरीकडे लावले, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. एका जागचं रोप दुसऱ्या जागी का जगतं आणि का मरतं, हा माझ्या अभ्यासाचा भाग. आजचा विषय मात्र शेतीचा, पाण्याचा आणि मिशनरी कुटुंबांचा आहे.

तो सुचला इथल्या फाटकावर. तिथं पहाऱ्याला केनियाचा एक तरुण असतो. मी अहमदनगरकडचा म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे जामखेडजवळचे?" मी चाट पडलो. त्याची मावशी मिशनच्या दवाखान्यात नर्स. ती प्रशिक्षणासाठी जामखेडला राहून आली होती. परत गेल्यावर तिनं चर्चच्या पडीक जमिनीवर गावातल्या बायकांना घेऊन भाजीपाला पिकवायला सुरुवात केली. माझं गाव जामखेडपासून तासाभरावर, पण मी त्या आवारात कधी पाऊल टाकलं नव्हतं. 'मिशनवाल्यांचा दवाखाना' एवढीच आमच्या घरात त्याची ओळख.

म्हणून मुद्दाम वाचलं, आणि गेल्या सुट्टीत जाऊन आलो.

डॉ. रजनीकांत आरोळे मूळचे राहुरीचे, आईवडील शिक्षक. डॉ. मेबल जबलपूरच्या. दोघं १९५९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि १९६० मध्ये त्यांनी लग्न केलं. पुढं नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं. तिथं त्यांना दिसलं की बरा करून पाठवलेला रोगी काही दिवसांनी तेच दुखणं घेऊन परत येतो. दुखण्याचं मूळ गावात होतं आणि इलाज रुग्णालयात चालला होता. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये दोन लहान मुलांसह जामखेडला राहायला आले. सुरुवात झाली ती जनावरांच्या एका जुन्या दवाखान्यात.

लोकांनी त्यांच्याकडे आधी औषध मागितलं नाही. अन्न आणि पाणी मागितलं. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. आरोळे पतिपत्नींनी गावोगाव शेतकरी मंडळं उभी केली. संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या निमित्तानं निरनिराळ्या जातींचे पुरुष एकत्र येऊ लागले आणि खेळ संपल्यावर बांधबंदिस्ती, झाडं, बियाणं यांवर बोलू लागले. कुपोषित मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, त्यासाठी गावकऱ्यांनी जमिनी दिल्या. गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं गेलं. या भागात १९७१ मध्ये हजार जन्मलेल्या मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तीसच्या आत आला. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला.

मला मात्र सर्वांत महत्त्वाची वाटते ती हापशांची गोष्ट. दुष्काळात कूपनलिका खोदायच्या ठरल्या तेव्हा त्या जाणीवपूर्वक दलितवस्तीत घेतल्या गेल्या. पाणी हवं असेल तर सवर्णांनी तिथं यायचं. अस्पृश्यतेवर भाषण देण्याची गरज पडली नाही. पाण्यानं ते काम केलं.

कुणी म्हणेल, मिशनरी म्हटलं की धर्मांतर आलंच. ही शंका रास्त आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ साली, आणि त्या सगळ्या इतिहासाची चिकित्सा व्हायलाच हवी. पण जामखेडला पाण्यासाठी किंवा औषधासाठी धर्माची अट नव्हती. आरोळे दांपत्याची श्रद्धा ख्रिस्ती होती आणि त्यांनी ती लपवलीही नाही. मी स्वतः नास्तिक. तरी ते इतकी वर्षं तिथं कशाच्या बळावर टिकले, हे मला नीट उत्तर देता येत नाही.

आफ्रिकेतलं एक जुनं उदाहरण देतो. स्कॉटलंडचे रॉबर्ट मॉफट आणि त्यांची पत्नी मेरी १८२० च्या दशकापासून १८७० पर्यंत आजच्या दक्षिण आफ्रिकेत कुरुमान भागात राहिले. मुलंबाळं तिथंच वाढली. थोरली मुलगी पुढं डेव्हिड लिव्हिंग्स्टनला दिली. त्यांनी पाट काढून बागा फुलवल्या. पण सुरुवातीच्या काळात स्थानिक बायका वरच्या अंगाला पाणी आपल्या बागांकडे वळवत आणि त्यावरून भांडणं होत, असं मॉफट यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मिशनच्या नजरेनं ती चोरी. त्या बायकांच्या नजरेनं पाणी मुळात त्यांच्याच मुलखातलं होतं.

आता माझी गोष्ट. २०१९ च्या टंचाईत आम्ही परदेशातल्या काही जणांनी पैसे जमवून गावात बोअर घेतली. फोनवरून मी विचारलं, किती फूट? पाणी किती इंच? मोटर कोणती? पाण्याचा खारटपणासुद्धा तपासून घेतला, शास्त्रज्ञ ना मी! कुणाच्या दारात, एवढं विचारायचं राहिलं. बोअर झाली देवळाच्या आवारात. गेल्या सुट्टीत पाहिलं, तर मातंगवस्तीतल्या बायका हंडे घेऊन आवाराबाहेर उभ्या. आतला कुणी नळी बाहेर सोडेल तेव्हा पाणी. वर कोनशिला आहे, तिच्यावर माझ्या वडिलांचं नाव. चुलतभावाला बोललो, तर म्हणाला, "दादा, तू चार दिवसांचा पाहुणा. आम्हाला इथं राहायचंय."

त्याचं म्हणणं मला लागलं, कारण त्यात अर्धं खरं होतं. आरोळे राहायला गेले होते. १९९९ मध्ये मेबलताई गेल्या, २०११ मध्ये रजनीकांत गेले. त्यांची मुलं डॉ. शोभा आणि रवी यांनी ते काम पुढं चालवलं. आपण तसे राहायला जाणार नाही. कर्ज आहे, मुलांच्या शाळा आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण जो राहत नाही त्यानं निदान पैसे देताना, राहणाऱ्यांपैकी कुणाचं ऐकायचं, हे तरी ठरवावं. भाऊही तिथंच राहतो आणि हंडा घेऊन उभी असलेली बाईही तिथंच राहते. मी आजवर फक्त भावाला फोन केला.

यंदाच्या वर्गणीत माझा वाटा मी देणार आहे, पण एका अटीवर. जागा त्या वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत ठरेल आणि कोनशिला नसेल. या अटीवरून गावात वाद होईल, घरातही होईल. वडील हयात आहेत, त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी आपापल्या गावी असे पैसे पाठवले आहेत, त्यांना एकच विनंती आहे. आज घरी फोन कराल तेव्हा विचारा, आपल्या बोअरचं पाणी पहिल्यांदा कोण भरतं आणि शेवटी कोण?