विकर्ण बोलला, पुढे काय?



कौरव किती, असं विचारलं तर शाळेतली पोरंही 'शंभर' म्हणून सांगतील. नावं विचारली की दुर्योधन-दुःशासनापाशीच गाडी थांबते. आज मी त्यांच्या एका भावाबद्दल बोलणार आहे. विकर्णाबद्दल.

सभापर्वातला प्रसंग आपल्याला पाठ आहे. द्रौपदीला न्यायला प्रातिकामी आला, तेव्हा तिने त्याच्याबरोबर उलट प्रश्न पाठवला : युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? तिला फरफटत सभेत आणलं, तरी तिने प्रश्न सोडला नाही. भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे. विदुर सोडला तर बाकीचे गप्प. तेव्हा दुर्योधनाचा हा धाकटा भाऊ बोलू लागला. जुगाराच्या व्यसनात केलेलं कृत्य ग्राह्य नाही. द्रौपदी पाचांची पत्नी. युधिष्ठिर आधीच स्वतःला हरलेला. शिवाय तिचं नाव शकुनीने सुचवलं. म्हणून ती जिंकली गेलेली नाही.

भर सभेत, आपल्याच भावांविरुद्ध हे बोलायला धाडस लागतं. ते मी नाकारत नाही. पण मुद्दे पुन्हा ऐका. बायको ही पणाला लावायची वस्तूच नाही, असं तो कुठेही म्हणत नाही. वाद आहे तो मालकी कोणाची, एवढाच.

मग कर्णाने त्याला पोर ठरवून गप्प केलं, आणि द्रौपदीची वस्त्रं काढायला सांगितलं. विकर्ण पुन्हा बोलला नाही. युद्धात तो दुर्योधनाच्याच बाजूने लढला. चौदाव्या दिवशी भीमाच्या हातून मेला, आणि मारणाऱ्या भीमालाही वाईट वाटलं.

त्याच घरात युयुत्सू होता. धृतराष्ट्राच्या सेवेतल्या एका वैश्य स्त्रीचा मुलगा, शंभरांत न मोजलेला. युद्धाच्या तोंडावर रणांगण ओलांडून तो पांडवांकडे गेला. ज्याला घराने मोजलं नाही, तोच घर सोडू शकला.

आणि बायका? गांधारीने नवऱ्याला सांगितलं, दुर्योधनाचा त्याग करा. त्याने ऐकलं नाही. एकुलती बहीण दुःशला. तिच्या नवऱ्याने, जयद्रथाने, वनवासात द्रौपदीला पळवलं. दुःशला आणि गांधारीकडे पाहून युधिष्ठिराने त्याला जिवंत सोडायला लावलं. एकीच्या कुंकवासाठी दुसरीचा अपमान गिळायचा, हा हिशेब आपल्याला नवा नाही.

आपल्याकडे येणाऱ्या केसमध्ये असा एखादा दीर बहुतेक असतोच. कोपऱ्यात घेऊन सांगतो, "ताई, चूक आमच्या दादाचीच आहे." त्याचे आभार मानू या, पण तिथे थांबायचं नाही. साक्षीला येशील का? रात्री तिला घराबाहेर काढलं तर दार उघडशील का? हे त्याला विचारायचं. घर कोणाच्या नावावर, हा जुना वादही आता पुरेसा नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने, मालकी नसली तरी, सामायिक घरात राहण्याचा हक्क तिला दिला आहे.

द्रौपदी सुटली ती धृतराष्ट्राच्या वरामुळे. पहिल्या वराने तिने युधिष्ठिराला, दुसऱ्याने इतर चौघांना सोडवलं. तिसरा वर नाकारला. तिच्या प्रश्नाला मात्र त्या सभेने उत्तर दिलं नाही.

ते उत्तर आपण मागत राहायचं. वर नकोत.