मुलाखतीचे कपडे



मुलाखतीला काय घालून जावं, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात बसून विचारणं जरा गमतीचं वाटेल. पण सेवाग्रामला पंचा नेसून राहिलेल्या माणसानेही तरुणपणी नोकरीसाठी मुलाखत दिली होती. लंडनला शिकताना गांधीजींनी बाँड स्ट्रीटवर १० पौंडांचा सूट शिवून घेतला, आरशासमोर उभं राहून टाय बांधायला ते शिकले. बॅरिस्टर होऊन मुंबईत आले, वकिली काही चालेना. एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाची जागा निघाली, पगार ७५ रुपये. बोलावणं आलं, मोठ्या उमेदीने गेले. पदवीधर आहात का, एवढ्या एका प्रश्नावर गाडी अडली. पदवी नव्हती, नोकरीही मिळाली नाही.

म्हणून कपड्यांना किंमत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांना नीटनेटकं लुगडं नेसायला, हीनपणाची खूण ठरलेली जुनी राहणी टाकायला सांगितलं. ते स्वतः बहुधा सुटात दिसत. ज्यांच्या अंगावरच्या कपड्यावरून पिढ्यान्‌पिढ्या त्यांची पायरी ठरवली गेली, त्यांना ‘कपड्यात काय आहे’ हे कोणत्या तोंडाने ऐकवायचं?

खरी अडचण कपड्यांची नाही, न सांगितलेल्या नियमाची आहे. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथे विद्यार्थी असो की डॉक्टर, खादीच घालायची. कुणाला खादी आवडेल, कुणाला नाही. पण नियम आधीच ठाऊक असतो, आणि डॉक्टरच्या मुलाच्या व शेतमजुराच्या मुलीच्या अंगावर कापड एकाच जातीचं असतं.

आर्वीचा किंवा देवळीचा पोरगा नागपूरला एखाद्या कंपनीत मुलाखतीला जातो तेव्हा काय घालायचं हे त्याला कुणी सांगत नाही. मित्राचा शर्ट, भावाचे बूट. तो उत्तराऐवजी खांद्यावर ढगळ झालेल्या शिवणीचाच विचार करत बसतो. समोरचे साहेब म्हणतात, आत्मविश्वास कमी आहे! (आत्मविश्वास असा उसना मिळाला असता, तर तोही त्याने आणला असता.)

पोरांना माझं सांगणं इतकंच: आपलाच शर्ट धुऊन, इस्त्री करून घाला, आदल्या दिवशी एकदा घालून पाहा. आणि साहेबांनो, बोलावण्याच्या पत्रात एक ओळ वाढवा: साधे, स्वच्छ कपडे चालतील, टाय, कोट नको. एवढ्याने कुणाची तरी दुकानातली उधारी वाचेल.