सही माणसाची, निवाडा यंत्राचा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



गेल्या वर्षी माझा एक धनादेश 'सही जुळत नाही' असा शेरा मारून बँकेने परत केला. दफ्तरातली सही मी नोकरीला लागताना केलेली होती. आता हात कापतो. अधिकाऱ्यासमोर बसून पुन्हा सही केली आणि प्रश्न मिटला. समोर अधिकारी नसून यंत्र असेल तेव्हा काय, एवढाच आजचा विषय आहे.

चिप बसवलेल्या कार्डाचे पेटंट रोलाँ मोरेनो या फ्रेंच संशोधकाने १९७४ साली नोंदवले. अशा स्मार्ट कार्डात धारकाच्या सहीचा नमुना साठवता येतो. धारक दाब टिपणाऱ्या पाटीवर सही करतो, तेव्हा यंत्र अक्षरांचे वळणच नव्हे, तर लेखणीचा वेग, दाब आणि ती कोठे उचलली हेही मोजते. वळण गिरवणाऱ्या भामट्याला ही लय साधणे अवघड जाते. शिवाय अंगठा बेशुद्ध माणसाचाही उमटवून घेता येतो. सहीला इच्छा लागते. नमुना चोरीस गेला तर सही बदलता येते, बोटे बदलता येत नाहीत. या पद्धतीचे हे गुण मान्य केलेच पाहिजेत.

परंतु एकाच माणसाच्या दोन सह्याही तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून किती फरक चालवून घ्यायचा याची मर्यादा आखावी लागते. ती कडक केली तर तोतया अडतो, पण खरा धारकही अधिक वेळा नाकारला जातो. सैल केली तर याच्या उलट घडते. वरवर हा तंत्राचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आहे. तोतया शिरला तर तोटा संस्थेचा. खरा माणूस नाकारला गेला तर तोटा त्याचा एकट्याचा. मर्यादा संस्थाच आखणार असेल, तर ती कोणीकडे कलेल हे सांगायला नको. कंपवाताने जर्जर झालेला पेन्शनर, उतारवयात सही शिकलेली शेतमजूर स्त्री, यांची सही रोज निराळी उमटते. ज्यांना सहीच येत नाही त्यांचे काय?

२०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानेही, ओळख पटली नाही म्हणून पात्र माणूस लाभाला मुकू नये, अशी भूमिका घेतली. तेव्हा आपल्या मागण्या तीन असाव्यात. सहीचा नमुना धारकाच्या कार्डातच राहावा, मध्यवर्ती दफ्तरात जाऊ नये. यंत्राच्या नकारावर तेथल्या तेथे माणसाकडे दाद मागता यावी. आणि चुकीच्या नकाराची भरपाई संस्थेने द्यावी.

यंत्राला आपला विरोध नाही. त्याच्या चुकीचा भुर्दंड गरिबाच्या माथी मारण्याला आहे.