शेक देणाऱ्याचा हात

दुखऱ्या जागी ऊब लागली की बरं वाटतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पोटात दुखू लागलं की आपला तळहात आपसूक तिथं जातो. मी दहिसरला फिजिओथेरपीचं काम करते. येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी घरी शेक घेऊन पाहिलेला असतो. कुणी खडेमिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून, कुणी निर्गुडीचा पाला गरम करून, कुणी एरंडाच्या पानाला तेल लावून ते गुडघ्याला बांधून. मी त्यांना हसत नाही. माझ्याकडची काही यंत्रंही तेच काम करतात, फक्त त्यांना वायर असते.

शेकानं त्या भागातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेला स्नायू सैल होतो. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी अशी कल्पना मांडली, की दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं. स्पर्शाचे निरोप तिथं गर्दी करू लागले की दुखण्याला वाट मिळत नाही. म्हणून तर मार लागला की आपण ती जागा चोळतो.

पण शेकाला मर्यादा आहे, आणि ती शरीरानंच आखून दिली आहे. कातडीतल्या चेतातंतूंवर उष्णता ओळखणारी एक यंत्रणा असते. साधारण ४३ अंश सेल्सियसला ती जागी होते आणि ‘पुरे’ म्हणून सांगते. मिरचीतल्या तिखट द्रव्यानंही नेमकी हीच यंत्रणा जागी होते, म्हणजे मिरची खाऊन ‘तोंडाची आग झाली’ असं आपण म्हणतो ते अगदी शास्त्रशुद्ध आहे! हे शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता ही ‘पुरे’ म्हणणारी सूचनाच बंद पडली तर? बरीच वर्षं मधुमेह असलेल्या कित्येकांच्या पावलांचं तसंच होतं. पायांना मुंग्या येतात, पाय गार वाटतात. म्हणून थंडीत पायाशी रबरी पिशवी घेऊन माणूस झोपतो. पिशवी फार गरम आहे हे हाताला कळतं, पावलाला कळत नाही. सकाळी टाचेवर फोड दिसतो. त्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, आणि कधी कधी गोष्ट बोट काढण्यापर्यंत जाते. यासाठी पाणी उकळतं असायला हवं असंही नाही. ४४ अंशांइतकी साधी वाटणारी उष्णता सलग सहा तास एकाच जागी राहिली, तरी धडधाकट माणसाची कातडीही भाजते.

जुन्या शेकात एक गंमत होती. पुरचुंडी आपोआप निवते. तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून दिली तरी घटकाभरात कोमट होते. पुन्हा तापवायला कुणाला तरी उठावं लागतं, आणि ती बाई पुरचुंडी आधी आपल्या मनगटाला लावून पाहते. विजेचा पट्टा मात्र निवत नाही आणि त्याला मनगटही नसतं. चरकसंहितेत स्वेदनाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात अग्नीच्या साहाय्यानं घाम आणण्याचे १३ प्रकार आहेत आणि अग्नीवाचूनचे १०. या दहांत जाड पांघरूण, भूक, भीती आणि राग हेसुद्धा आहेत. पण मला महत्त्वाची वाटते ती स्वेदन कुणाला देऊ नये याची यादी. तीत गर्भवती आहे, नेहमी मद्य घेणारा आहे आणि मधुमेहीही आहे.

बाळंतिणीच्या शेक-शेगडीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. न्हाऊमाखू घालून, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून, ओवा-शेपांची धुरी द्यायची ही रीत. अंग दुखत असताना ऊब आणि विश्रांती मिळते, चार दिवस कुणीतरी आपल्यासाठी राबतं, हे सुख खरंच मोठं आहे. पण ही रीत कौलारू घरातली आहे. दहिसरच्या गावठाणात, कांदरपाड्यात अशी घरं होती. धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. आज तीच शेगडी आपण सरकत्या काचांच्या खोलीत ठेवतो, आणि बाळाला वारा लागू नये म्हणून त्या काचाही लावून घेतो. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. दमलेल्या बाळंतिणीला झोप लागली असंच घरच्यांना वाटतं. तेव्हा आईला शेक द्या, पण पिशवीनं. बंद खोलीत निखारे नकोत, आणि बाळाला धुरी तर नकोच. बाळंतिणीची एकच पोटरी सुजून दुखू लागली तर तिला शेकू नका, चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आत रक्ताची गुठळी असू शकते.

मुरगळलेला ताजा पाय, लाल होऊन सुजलेला सांधा, तापासकट दुखणारं पोट, यांनाही शेक नको.

गरम कुंडांचं काय, असं पुष्कळजण विचारतात. आपल्याला जवळची म्हणजे वज्रेश्वरी-अकलोलीची, तानसा नदीकाठची. तिथून खाली उन्हेरे, उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे अशी ही झऱ्यांची रांगच कोकणात गेली आहे. नावांतच ‘ऊन’ आहे! गुडघे आखडलेल्यांना त्या पाण्यात खरोखर मोकळं वाटतं. पाणी फार कडत नसेल तर दहा मिनिटं बसा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी मात्र एकदम उठू नये. रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांमुळे दाब उतरतो, घेरी येते, आणि पायऱ्या शेवाळलेल्या असतात.

राहिली घरातली पिशवी. पाणी उकळतं नको. दोनतृतीयांश भरा, हवा काढून मगच बूच लावा, वर टॉवेल गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटांत काढा. घरात कुणाला मधुमेह असेल आणि रात्री पाय गार पडत असतील, तर ते झोपायला जाण्याआधी पिशवी अंथरुणात ठेवा. अंथरूण उबदार झालं की काढून घ्या, त्यांच्या पायांत सैल लोकरी मोजे घाला आणि मग दिवा मालवा.